औषधापर्यंतच्या पाच पायऱ्या

वर्गात सहज करून पाहता येईल अशा एका गणिताने सुरुवात करू या. एका डब्यात १०० चिंचोके घ्या. त्यांतले दहा टक्के बाजूला काढा, म्हणजे ९० उरतील. या ९० मधले पुन्हा दहा टक्के बाजूला काढा, ८१ उरतील. असे एकूण पाच वेळा करा. अपूर्णांक आला तर जवळचा पूर्णांक घ्या. शेवटी डब्यात किती चिंचोके राहतील? करून पाहण्याआधी मुलांना अंदाज विचारा. बरीच मुले ५० म्हणतील, प्रत्यक्षात ५९ उरतात. आता हाच खेळ दर वेळी वीस टक्के बाजूला काढून खेळा. या वेळी शेवटी ३३ च चिंचोके उरतात.

दर फेरीला फरक होता तो फक्त दहा टक्क्यांचा. पण पाच फेऱ्यांनंतर एका डब्यात दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मेच चिंचोके राहिले. असे होते, कारण येथे बेरीज-वजाबाकी नसून गुणाकार आहे. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीत जे उरले त्याच्यावर चालते.

एच.आय.व्ही.च्या उपचारांचे गणितही नेमके असेच आहे. औषध उपलब्ध असणे आणि ते रोग्याच्या पोटात रोज जाणे, या दोन गोष्टींमध्ये अनेक पायऱ्या आहेत. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात, जेथे उत्तम औषधे इतर अनेक देशांच्या आधी आली, तेथेही गरीब आणि अल्पसंख्याक वस्त्यांमधली माणसे या पायऱ्यांवर गळत राहिली. ही गळती थांबवण्यासाठी तेथे सरकारी अनुदानाची एक मोठी योजना उभी राहिली. तिची गोष्ट आपण या लेखात पाहणार आहोत.

विषाणू आणि त्याच्यावरची औषधे

आधी थोडी उजळणी करू. एड्सची पहिली नोंद जून १९८१ मध्ये अमेरिकेत झाली. त्याचा विषाणू १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाज बारे-सिनुसी आणि ल्यूक माँतान्ये यांच्या गटाने वेगळा केला. या कामाबद्दल दोघांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू आपल्या रक्तातल्या सी.डी. ४ नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये शिरतो. या पेशी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे जणू सूत्रधार. विषाणूची जनुकीय माहिती आर.एन.ए.च्या स्वरूपात असते. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराच्या मदतीने तो तिची डी.एन.ए. प्रत तयार करतो आणि ती पेशीच्या डी.एन.ए.मध्ये घुसवतो. त्यानंतर ती पेशी विषाणू बनवण्याचा कारखानाच बनते.

या विकराला रोखणारे पहिले औषध, ए.झेड.टी., १९८७ मध्ये वापरात आले. पण एकट्या औषधाचा प्रभाव फार काळ टिकत नसे. विषाणू घाईघाईने स्वतःच्या प्रती काढतो आणि त्यात पुष्कळ चुका करतो. या चुकांमधूनच एखादा औषधाला दाद न देणारा प्रकार निर्माण होतो आणि तोच पुढे वाढत राहतो. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. तिन्ही औषधांना एकाच वेळी चकवणारी चूक घडण्याची शक्यता फारच कमी असते. या उपचाराने विषाणू नष्ट होत नाही, काही पेशींमध्ये तो दडून राहतोच. पण रक्तातले त्याचे प्रमाण अगदी कमी होते आणि प्रतिकारशक्ती सावरते. गोळ्या वारंवार चुकल्या, तर मात्र विषाणू पुन्हा डोके वर काढतो, आणि तोही कदाचित औषधाला न जुमानणारा. म्हणून हे औषध रोज आणि आयुष्यभर घ्यावे लागते.

उपचार लागू पडतो की नाही, हे रक्तातल्या विषाणूंच्या संख्येवरून कळते. एका मिलीलिटर रक्तद्रव्यात विषाणूच्या २०० पेक्षा कमी प्रती असल्या, तर विषाणू दबला आहे असे अमेरिकेतले डॉक्टर मानतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत असे दिसले, की बाधित जोडीदाराला लवकर औषध सुरू केल्यास दुसऱ्या जोडीदाराला त्याच्याकडून होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी कमी होतो. ज्यांचा विषाणू पूर्णपणे दबलेला राहतो, त्यांच्याकडून लैंगिक संबंधांतून संसर्ग होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवले. म्हणजे एका माणसापर्यंत औषध पोचवणे हे त्याच्या एकट्याच्याच हिताचे नसते.

गळती कोठे होते?

आता आपल्या पाच फेऱ्यांना नावे देऊ. पहिली पायरी, तपासणी होऊन संसर्ग झाल्याचे कळणे. दुसरी, त्यानंतर दवाखान्यात पहिली भेट होणे. तिसरी, औषध सुरू होणे. चौथी, दवाखान्यात नियमित येत राहणे. पाचवी, गोळ्या रोज घेऊन विषाणू दबलेला राहणे. या पायऱ्यांच्या मालिकेला वैद्यकात उपचारसाखळी म्हणता येईल. एखादी कडी किंचित कमकुवत असली तरी शेवटचे उत्तर किती खाली येते, हे चिंचोक्यांनी आपल्याला दाखवलेच आहे.

अमेरिकेत ही साखळी सगळ्यांसाठी सारखी मजबूत नव्हती. ऑक्टोबर १९८६ मध्येच तेथील रोग नियंत्रण केंद्राने दाखवून दिले होते, की एड्सच्या रुग्णांपैकी २५ टक्के कृष्णवर्णीय आणि १४ टक्के लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत. लोकसंख्येत त्यांचा वाटा अनुक्रमे १२ आणि ६ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्माच होता. तरीही एड्स हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा रोग आहे, हा समज बरीच वर्षे टिकून राहिला. १९९६ मध्ये प्रथमच तेथे एड्सच्या नव्या नोंदींमध्ये कृष्णवर्णीयांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, नव्या औषधांमुळे अमेरिकेतले एड्सचे मृत्यू आदल्या वर्षाच्या मानाने ४७ टक्क्यांनी घटले. मात्र ही घट गोऱ्यांमध्ये जास्त आणि कृष्णवर्णीयांमध्ये कमी होती. औषध एकच, देश एकच, तरी फळ वेगळे.

विषाणू काही कातडीचा रंग पाहून वागत नाही. फरक पडतो तो पायऱ्यांवर. आरोग्य विमा नसेल, तर दवाखान्याचा खर्च झेपत नाही. दिवसाच्या मजुरीवर जगणाऱ्याला तपासणीसाठी अर्धा दिवस मोडणे परवडत नाही. दक्षिणेकडच्या राज्यांमध्ये ग्रामीण भागातल्या रोग्याला तज्ज्ञ डॉक्टरसाठी कित्येक मैल जावे लागते, आणि अमेरिकेच्या खेड्यांतून बस क्वचितच मिळते. स्पॅनिश बोलणाऱ्या स्त्रीला इंग्रजी चिठ्ठी वाचता येत नाही. शेजाऱ्यांना कळेल ही धास्ती तर सर्वांनाच असते.

यात अविश्वासाची भर पडली होती, आणि तो निराधार नव्हता. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ या काळात सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग होता, पण ते त्यांना स्पष्टपणे सांगितले गेले नाही. १९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हा उपदंशावरचा प्रमाण उपचार ठरला, तोही त्यांना दिला गेला नाही. उपचार न केल्यास रोग कसा वाढतो हे खात्याला पाहायचे होते. सरकारतर्फे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी याबद्दल माफी मागितली ती १९९७ मध्ये. ज्या समाजाने हे सोसले, त्याला सरकारी दवाखान्यातली नवी गोळी घ्यायला नुसते पत्रक वाटून कसे पटवणार? त्यासाठी त्याच वस्तीतला, ओळखीचा माणूस हवा होता.

एका विद्यार्थ्याच्या नावाचा कायदा

अनुदानाच्या योजनेला ज्याचे नाव आहे तो रायन व्हाइट हा इंडियाना राज्यातल्या कोकोमो गावचा मुलगा. त्याला हिमोफिलिया होता, म्हणजे त्याचे रक्त नीट गोठत नसे. त्यासाठी दिल्या जाणाऱ्या रक्तघटकातून त्याला एच.आय.व्ही.चा संसर्ग झाला. डिसेंबर १९८४ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. १९८५ मध्ये त्याला शाळेत यायला बंदी करण्यात आली. एकत्र बसल्याने, हात लावल्याने हा रोग पसरत नाही असे डॉक्टर सांगत होते, पण पालकांचा विरोध मावळेना. न्यायालयात झगडून १९८६ मध्ये तो शाळेत परतला. गावातला दुरावा मात्र संपला नाही. अखेर कुटुंबाने गाव सोडले. दुसऱ्या गावातल्या शाळेने आधी मुलांना रोगाची माहिती दिली आणि मग त्याचे स्वागत केले. ८ एप्रिल १९९० रोजी, अठराव्या वर्षी, तो वारला. त्याच वर्षी १८ ऑगस्टला त्याच्या नावाने कायदा झाला.

या कायद्याखाली केंद्र सरकार पैसा देते, पण दवाखाने स्वतः चालवत नाही. एक भाग रुग्णसंख्या जास्त असलेल्या शहरांना मिळतो. दुसरा भाग राज्यांना मिळतो आणि त्यातूनच गरिबांच्या औषधांचा खर्च भागतो. तिसरा भाग थेट स्थानिक दवाखान्यांना आणि संस्थांना, तर चौथा स्त्रिया, बालके आणि तरुणांच्या सेवेसाठी असतो. आणखी एका भागातून दंतोपचार, डॉक्टर-परिचारिकांचे प्रशिक्षण आणि नव्या पद्धतींचे प्रयोग चालतात. विमा किंवा दुसरी कोणतीही योजना जेथे पुरी पडत नाही, तेथेच हा पैसा वापरायचा, असा नियम आहे.

१९९८ मध्ये अमेरिकी संसदेतल्या कृष्णवर्णीय सदस्यांच्या गटाने आग्रह धरला, की सर्वसाधारण योजनेतला पैसा अल्पसंख्याक वस्त्यांपर्यंत पुरेसा झिरपत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी तरतूद हवी. त्यातून १९९९ या आर्थिक वर्षासाठी १५ कोटी ६० लाख डॉलरची खास योजना सुरू झाली. २००६ मध्ये ती रायन व्हाइट कायद्याचाच भाग बनली.

बसचे तिकीट हे औषध आहे का?

संस्थांनी हा पैसा कशावर खर्च करायचा? डॉक्टर, तपासण्या आणि औषधे यांवर, हे उघडच आहे. २००६ पासून मुख्य भागांतल्या अनुदानापैकी किमान ७५ टक्के रक्कम साधारणपणे मूळ वैद्यकीय सेवांवरच खर्च करावी लागते. पण उरलेल्या रकमेतून बसचे तिकीट किंवा गाडीभाडे देता येते, दुभाषा ठेवता येतो, आई दवाखान्यात असताना तिचे मूल सांभाळता येते, जेवण देता येते, तात्पुरत्या निवाऱ्याची सोय करता येते. वरवर पाहता यातले काहीच वैद्यकीय नाही. मग आरोग्याचा पैसा येथे का?

चिंचोक्यांच्या डब्याकडे पुन्हा पाहू. समजा, प्रत्येक पायरीवर २० टक्के गळती आहे. आपण फक्त तिसरी पायरी सुधारली, म्हणजे जास्त लोकांना औषध सुरू केले, आणि तेथली गळती १० टक्क्यांवर आणली. शेवटी उरणारी संख्या ३३ वरून ३७ होते, बस्स. कितीही महाग औषध आणले तरी एका पायरीवर यापेक्षा फारसे हाती लागत नाही. ती गळती अगदी शून्यावर आणली तरी संख्या ४१ पर्यंतच जाते. बाकीच्या चार पायऱ्यांवर माणसे गळतच राहतात. बसचे तिकीट चौथी पायरी सुधारते, दुभाषा दुसरी आणि तिसरी. गोळ्या ठेवायला ज्याला घरच नाही, त्याला निवारा मिळाला तर पाचवी सुधारते. या अर्थाने बसचे तिकीट हा उपचाराचाच एक भाग होय.

पहिल्या पायरीसाठी चर्च, केशकर्तनालये, बाजार अशा ठिकाणी जाऊन तपासण्या कराव्या लागतात. दुसऱ्या पायरीवर सर्वात उपयोगी ठरतो तो स्वतः संसर्ग झालेला आणि उपचारांवर स्थिरावलेला साथी. निदान झाल्यावर घाबरलेल्या माणसाचा हात धरून तो त्याला दवाखान्यापर्यंत नेतो. "मीही येथूनच गेलो," हे त्याचे वाक्य पत्रकापेक्षा जास्त पटते.

फरक पडला का?

या योजनेखाली वर्षभरात पाच लाखांहून अधिक लोक सेवा घेतात. अमेरिकेत एच.आय.व्ही.चे निदान झालेल्यांपैकी हे निम्म्याहून जास्त होत. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश वांशिक अल्पसंख्याक आहेत. २०१० मध्ये यांतल्या सुमारे ७० टक्के लोकांचा विषाणू दबलेला होता. २०२२ मध्ये हे प्रमाण जवळजवळ ९० टक्के झाले. निदान झालेल्या सर्व अमेरिकी लोकांचा विचार केला, तर हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपासच आहे.

येथे विज्ञानाच्या शिक्षकाने थांबले पाहिजे. ९० आणि ६५ यांची थेट तुलना करता येईल का? टक्केवारी दिसली की आधी छेद विचारावा. ९० टक्क्यांच्या छेदात फक्त तेच लोक आहेत, जे त्या वर्षी निदान एकदा दवाखान्यात आले आणि ज्यांची विषाणूंची संख्या मोजली गेली. ६५ टक्क्यांच्या छेदात निदान झालेले सगळेच आहेत, दवाखान्याकडे न फिरकलेलेसुद्धा. म्हणजे पहिल्या आकड्यात सुरुवातीच्या पायऱ्यांवरची गळती मोजलेलीच नाही. शिवाय, मधल्या काळात दिवसाला एकच गोळी घेण्याची सोय झाली आणि निदान होताच सर्वांना औषध द्यावे असा बदल २०१२ मध्ये तेथील मार्गदर्शक सूत्रांत झाला. तेव्हा ७० वरून ९० पर्यंतच्या वाढीचे सगळे श्रेय अनुदानाला देता येणार नाही. मात्र एवढे खरे, की ज्यांच्यापाशी पैसा, विमा आणि ओळखी यांतले काहीच नाही अशा लोकांतही, एकदा दवाखान्याशी नाते जुळले की दहापैकी नऊ जणांचा विषाणू दबू शकतो. "असे लोक औषध नीट घेत नाहीत," हा जुना आक्षेप त्यामुळे खोटा ठरतो.

दरी मात्र बुजलेली नाही. या योजनेतही कृष्णवर्णीयांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा काही टक्क्यांनी कमीच राहिले आहे. आणि अनुदान हे अनुदानच असते. कायद्याची मुदत २०१३ मध्ये संपली, त्यानंतर दर वर्षी संसद नव्याने तरतूद करते म्हणून योजना चालते. पैसा अपुरा पडला की काय होते, हे २०११ मध्ये दिसले. मंदीमुळे अनेक राज्यांच्या औषध योजनांत प्रतीक्षायादी लागली आणि तिच्यात नऊ हजारांहून अधिक नावे जमली. त्यांतली बहुसंख्य दक्षिणेकडच्या राज्यांतली होती. हे लोक पहिल्या दोन पायऱ्या चढून आले होते आणि तिसरीवर त्यांना थांबायला सांगितले गेले.

आपल्यासाठी

पायऱ्यांचे हे गणित आपल्यालाही परके नाही. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ मध्ये तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी किमतीत देऊ केला आणि औषध महाग आहे ही सबब जगभर लंगडी पडली. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे.जे. रुग्णालय होते. पण गोळी फुकट झाली तरी एस.टी.चे भाडे, बुडालेली मजुरी आणि लोकांची नजर या पायऱ्या राहतातच. सांगलीत 'संग्राम' या संस्थेने १९९२ पासून देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच आरोग्यकार्याच्या साथी बनवले, तेही याच जाणिवेतून. रायनवर आली तशी वेळ आपल्या शाळेतल्या मुलावर येऊ नये, म्हणून २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स कायदा आहे. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. संसर्गामुळे कोणाला शिक्षण नाकारता येत नाही आणि प्रवेशासाठी या चाचणीची अटही घालता येत नाही. आपल्या शिक्षकखोलीत हे सर्वांना ठाऊक आहे ना, याची एकदा खात्री करून घ्यावी.

शेवटी वर्गासाठी एक प्रश्न. पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीवर २० टक्के गळती आहे. एका पायरीवरची गळती १० टक्क्यांवर आणणे चांगले, की पाचही पायऱ्यांवरची १८ टक्क्यांवर आणणे? हिशेब केल्यावर दोन्हींचे उत्तर ३७ च्या आसपास येते. मग यांतला कोणता मार्ग निवडायचा? ते सांगणे गणिताच्या हातात नाही. कोणत्या पायरीवर किती श्रमात काम होईल, हे ती पायरी चढलेल्या माणसालाच ठाऊक असते. म्हणूनच रायन व्हाइट कायद्याने शहरांच्या नियोजन मंडळांवर किमान ३३ टक्के सभासद हे त्या सेवा घेणारे, स्वतः एच.आय.व्ही.सह जगणारे लोक असलेच पाहिजेत, असे बंधन घातले आहे. मुलांनी उत्तर काढल्यावर हे त्यांना सांगावे, आणि आपल्या गावातल्या क्षयरोग्याच्या किंवा मधुमेह्याच्या वाटेवर अशा कोणत्या पायऱ्या आहेत, ते त्यांनाच शोधून आणायला सांगावे.